हवाई छायाचित्रण आणि नकाशांचं काम: एजन्सींची तुलना कशी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच जमिनीच्या ड्रोन सर्व्हेसाठी तीन कोटेशन मागवली. दरात तिपटीचा फरक आहे. कोणीतरी लुबाडतंय का?

बहुतेक वेळा नाही. तिघांनी तीन वेगळी कामं गृहीत धरलेली असतात. पहिला फक्त वरून काढलेले फोटो जोडून देणार असतो. दुसरा जमिनीवर खुणा टाकून, त्या डीजीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणाऱ्या उपग्रह-यंत्राने) मोजून, नकाशा जागेवर बसवून देणार असतो. तिसरा झाडं, घरं, गाड्या काढून टाकून उघड्या जमिनीची उंची देणार असतो आणि त्यावरून कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढणार असतो. कोटेशनवर मात्र तिघांनीही "ड्रोन सर्व्हे" एवढंच लिहिलेलं असतं.

उड्डाण हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. शंभर एकरांचं उदाहरण घ्या. एक इंची सेन्सरचा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून एका फोटोत साधारण १५० बाय १०० मीटर जमीन टिपतो. पुढच्या फोटोशी ८० टक्के आणि शेजारच्या पट्टीशी ७० टक्के आच्छादन ठेवलं, तर दर २० मीटरला एक फोटो आणि दर ४५ मीटरला एक पट्टी येते. सगळ्या पट्ट्यांची लांबी नऊ किलोमीटरच्या आसपास भरते. सेकंदाला ८ मीटर वेगाने वळणं धरून हे अर्ध्या तासाच्या आत उरकतं आणि कडेचे धरून पाच-साडेपाचशे फोटो होतात. खर्च होतो तो त्याआधीच्या जमिनीवरच्या खुणांवर आणि त्यानंतरच्या टेबलावरच्या कामावर. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच दोन्ही गाळलेलं असतं.

मग कोटेशन मागवण्याआधी काय ठरवावं?

आपली मागणी एका कागदावर लिहा आणि सगळ्यांना तोच कागद द्या. त्यात जागेची हद्द केएमएल फाइलमध्ये, नकाशाचं प्रमाण, हवी ती आडवी आणि उभी अचूकता, कोऑर्डिनेट प्रणाली (जागेचे आकडे कोणत्या पद्धतीने द्यायचे), उंचीचा आधार (उंची कुठून मोजायची), कंटूरचं अंतर, कोणकोणत्या गोष्टी रेखाटून हव्यात त्यांची यादी आणि फायलींचे प्रकार असावेत. एवढं नसेल, तर पुढची सगळी तुलना वाया जाते.

प्रमाण ठरवताना साधा हिशोब लक्षात ठेवा. कागदावर ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. १:५०० ला ते जमिनीवर १० सेंटिमीटर होतं, १:२००० ला ४० सेंटिमीटर. लेआउटसाठी १:५०० किंवा १:१००० पुरतं. पाणलोटाच्या कामाला १:२००० मागितलं तरी भागतं आणि दर बराच खाली येतो.

"३ सेंटिमीटर जीएसडी" म्हणजे ३ सेंटिमीटर अचूकता ना?

नाही. या धंद्यातला सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. जीएसडी म्हणजे फोटोतल्या एका पिक्सेलने व्यापलेली जमीन. ती फक्त उंची आणि कॅमेऱ्यावर ठरते. सेन्सरची रुंदी आणि उड्डाणाची उंची यांच्या गुणाकाराला फोकल लांबी आणि फोटोची पिक्सेलमधली रुंदी यांच्या गुणाकाराने भागायचं. १३.२ मिलिमीटर सेन्सर, ८.८ मिलिमीटर फोकल लांबी, ५४७२ पिक्सेल आणि १०० मीटर उंची धरली, तर उत्तर २.७४ सेंटिमीटर येतं. तोच कॅमेरा १२० मीटरवर ३.३ सेंटिमीटर देतो.

नकाशा जमिनीवर कुठे बसला, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. २ सेंटिमीटर जीएसडीचा देखणा नकाशा दीड मीटर सरकलेला असू शकतो. नीट खुणा टाकून केलेल्या कामात आडवी चूक जीएसडीच्या एक ते दोन पट आणि उभी चूक दीड ते तीन पट राहते. कोटेशनमध्ये जीएसडी आणि अचूकता हे दोन वेगळे आकडे मागा. ज्याला दुसरा आकडा लिहिताच येत नाही, त्याला तिथेच बाजूला ठेवलेलं बरं.

अचूकतेचा दावा खरा की खोटा, हे आम्ही कसं तपासायचं?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे उत्तर मात्र पूर्ण वाचा. तपासबिंदू स्वतःच्या हातात ठेवा.

जमिनीवरचे बिंदू दोन प्रकारचे असतात. काही बिंदू एजन्सी नकाशा बसवायला वापरते, त्यांना जीसीपी म्हणतात. काही बिंदू प्रक्रियेत अजिबात वापरायचे नसतात, फक्त शेवटी ताडून बघायचे असतात. हे तपासबिंदू. अहवालात दाखवलेली चूक बहुतेकदा जीसीपींवरची असते. ज्या बिंदूंना धरून नकाशा ताणून बसवला, त्यांच्यावर चूक कमी दिसणारच.

म्हणून तपासबिंदू तिसऱ्याच सर्व्हेअरकडून, वेगळ्या डीजीपीएसने मोजून घ्या आणि त्यांचे कोऑर्डिनेट एजन्सीला देऊ नका. नकाशा हातात आला की आपणच ताडून बघा. अमेरिकेतल्या एएसपीआरएस संस्थेच्या २०२३ च्या मानकानुसार असे किमान ३० बिंदू लागतात. पन्नास-शंभर एकरांच्या खासगी कामात तेवढे परवडत नाहीत. तरी दहा-बारा असावेत आणि ते सगळे रस्त्याकडेला नसावेत. कोपऱ्यात, मध्ये, उंचवट्यावर, खोलगट जागी असे पसरलेले हवेत.

आता आकडे वाचायची रीत. समजा, पाच बिंदूंवर उंचीतला फरक अधिक ४, अधिक ५, अधिक ३, अधिक ६ आणि अधिक ४ सेंटिमीटर आला. वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. आरएमएसई, म्हणजे चुकीचं सरासरी माप, ४.५ सेंटिमीटर येते. दुसऱ्या एजन्सीचे फरक अधिक ४, उणे ५, अधिक ३, उणे ६ आणि अधिक ४ आले. आरएमएसई तीच, ४.५. पण ही दोन कामं सारखी नाहीत. दुसरीकडे चूक इकडे-तिकडे विखुरली आहे आणि मोठ्या क्षेत्रावर ती एकमेकींना खाऊन टाकते. पहिलीकडे सगळा नकाशाच सरासरी ४.४ सेंटिमीटर वर उचललेला आहे. अहवालात फक्त आरएमएसई दिली असेल, तर हा फरक कधीच दिसत नाही. प्रत्येक बिंदूवरचा फरक चिन्हासकट मागा.

चार सेंटिमीटरनं असा काय फरक पडतो?

खाणीवर पडतो. एक हेक्टर क्षेत्रावर ४.४ सेंटिमीटर म्हणजे ४४० घनमीटर, म्हणजेच सुमारे १५५ ब्रास. मागच्या मोजणीतून या मोजणीची वजाबाकी करून उत्खनन काढायचं असेल, तर एवढे ब्रास नुसत्या कागदावर उगवतात किंवा गायब होतात आणि त्यांवर रॉयल्टीचा वाद उभा राहतो. एकट्या ढिगाचं माप काढताना हा धोका कमी असतो, कारण ढिगाचा पायाही त्याच नकाशावरून घेतलेला असतो आणि दोन्ही सारखेच उचलले जातात. तिथे वाद होतो पाया कसा धरला यावर: ढिगाच्या कडेचे बिंदू जोडून, सपाट पातळी मानून, की जुन्या जमिनीच्या नकाशावरून. तिन्ही रीतींनी वेगवेगळे ब्रास येतात. कोणती रीत वापरणार, ते वर्कऑर्डरमध्येच लिहून घ्या.

एक एजन्सी म्हणते, "आमच्या ड्रोनला आरटीके आहे, खुणा टाकायची गरज नाही."

अर्धं खरं आहे. आरटीके (उड्डाण चालू असतानाच) किंवा पीपीके (उड्डाणानंतर) या उपग्रह-स्थान दुरुस्त करण्याच्या पद्धतींमुळे प्रत्येक फोटो कुठून काढला, ते दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कळतं आणि त्यामुळे जीसीपी बरेच कमी लागतात. पण कॅमेऱ्याची फोकल लांबी तापमानाने आणि धक्क्यांनी किंचित बदलते. सगळे फोटो सरळ खालीच रोखून, एकाच उंचीवरून काढले असतील, तर सॉफ्टवेअरला फोकल लांबीतली चूक आणि उंचीतली चूक वेगळी ओळखता येत नाही. वर दाखवलं तसं सगळं मैदान काही सेंटिमीटर वर किंवा खाली जातं. कधी मध्यभागी फुगवटा येतो आणि सपाट शेताचा नकाशा उलट्या परातीसारखा दिसतो.

यावर दोन उपाय आहेत: किमान तीन-चार जीसीपी आणि कॅमेरा तिरका करून किंवा वेगळ्या उंचीवरून घेतलेल्या एक-दोन आडव्या पट्ट्या. शिवाय बेसचे (या दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचे) कोऑर्डिनेट कुठून घेतले, ते विचारा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांच्या, जाळ्याशी जोडले असतील तर उत्तम. "बेस तिथेच ठेवला आणि पाच मिनिटं सरासरी घेतली" असं उत्तर आलं, तर मोजमापं आपसात जुळतील, पण सगळा नकाशा एक-दोन मीटर सरकलेला असेल.

खुणांबद्दलही बारकाईने विचारा. ३ सेंटिमीटर जीएसडीला ६० बाय ६० सेंटिमीटरची खूण हवी, म्हणजे ती वीस पिक्सेलभर दिसते. काळ्या रानात चुन्याच्या फक्कीची फुली छान उठून दिसते. खडीच्या पांढुरक्या खाणीत तीच फुली उन्हात विरघळते, तिथे काळा-पिवळा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सला चारही कोपऱ्यांना खिळे नसतील, तर तो वाऱ्याने उडतो किंवा गुरं सरकवतात. मोजल्यावर सरकलेली एक खूण आजूबाजूचा सगळा नकाशा ओढून नेते.

नकाशा आमच्या जुन्या ड्रॉइंगवर बसतच नाही. चूक कुणाची?

बहुधा कुणीच मुद्दाम केलेली नसते. दोन गोष्टी तपासा.

पहिली, झोन. यूटीएम या कोऑर्डिनेट पद्धतीत पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांना झोन म्हणतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम झोन ४३ आणि पूर्वेला ४४ लागतो. मुंबई, पुणे, संभाजीनगर, कोल्हापूर आणि अमरावती शहर ४३ मध्ये येतात. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. विदर्भातला रस्ता किंवा कालवा दोन्ही झोनमधून जात असेल, तर संपूर्ण काम कोणत्या झोनमध्ये द्यायचं, ते आधीच ठरवा. कोऑर्डिनेट प्रणालीचा ठरलेला ईपीएसजी क्रमांक लिहून घ्या: ४३ साठी ३२६४३, ४४ साठी ३२६४४.

दुसरी, उंची. उपग्रहावरून मिळणारी उंची गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात या दोन उंचींत साठ-पासष्ट मीटरचं अंतर आहे. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर असताना नकाशात पाचशेच्या आत आकडे दिसले, तर हेच झालेलं असतं. एवढं मोठं अंतर निदान डोळ्यांना दिसतं. खरा घोटाळा होतो तो जागतिक जिऑइड (समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचं) मॉडेल लावून थांबल्यावर. तेव्हा आकडे बरोबर वाटतात, पण पाटबंधारे खात्याच्या बेंचमार्कशी (पक्की उंची ठरलेल्या खुणेशी) काही डेसिमीटरचा फरक राहतो. पाण्याचा उतार ठरवायचा असेल, तर जवळच्या बेंचमार्कवरून लेव्हल आणून जोडणं हे कामाच्या व्याप्तीतच असलं पाहिजे.

उभा ऊस किंवा झाडी असेल तर कोणती एजन्सी निवडावी?

जी "आत्ता हे काम होणार नाही" असं सांगते ती. फोटोवरून काढलेली उंची दिसणाऱ्या पृष्ठभागाची असते. तीन मीटर उसाखाली जमीन दिसतच नाही आणि सॉफ्टवेअर उसाच्या शेंड्यालाच जमीन मानतं. तोडणी होईपर्यंत थांबणं सगळ्यात स्वस्त पडतं.

सह्याद्रीच्या झाडीत थांबूनही उपयोग नाही, तिथे लायडार, म्हणजे लेझर किरणांनी मोजणारं यंत्र, लागतो. त्याचे किरण पानांमधल्या फटींतून खाली पोचतात. एजन्सीला चौरस मीटरमागे जमिनीवर पोचलेले किती बिंदू मिळतील ते विचारा. एकूण बिंदू कितीही मोठे सांगितले तरी उपयोग नाही. दाट करवंदीच्या जाळीत आणि पावसाळ्यानंतरच्या माजलेल्या गवतात लायडारही फसतो.

गावठाणातल्या घरांचा नकाशा हवा आहे. काय वेगळं बघायचं?

वळचण. वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कोकणातल्या कौलारू घराची वळचण दोन-अडीच फूट पुढे येते. भिंतीला भिंत १० बाय ८ मीटर असलेलं घर ८० चौरस मीटरचं आहे. चारही बाजूंना ६० सेंटिमीटर वळचण धरून छपराच्या कडेने रेघ मारली, तर तेच घर १०३ चौरस मीटर होतं. एजन्सी जागेवर जाऊन वळचणीची वजावट करणार आहे का, हा पहिला प्रश्न. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या सरकारी स्वामित्व योजनेत उड्डाणाआधी गावात मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, ते याचसाठी. हद्द कुठे आहे, हे ड्रोन सांगू शकत नाही. ते माणसांनी आधी ठरवायचं असतं.

हा नकाशा सरकारी मोजणीऐवजी चालतो का?

नाही. हद्दीच्या वादात भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि तिची 'क' प्रत ग्राह्य धरली जाते. खासगी ड्रोन नकाशा नियोजनाला, बिलाला, प्रगती दाखवायला उपयोगी आहे. "मोजणीची गरज उरणार नाही" असं सांगणारी एजन्सी टाळा.

उपग्रह, विमान आणि ड्रोन यांची एकमेकांशी स्पर्धा आहे का?

फक्त कडेला. पाचशे एकरांच्या आत ड्रोनला तोड नाही. अख्खं शहर किंवा जिल्हा ५ ते १० सेंटिमीटरमध्ये हवा असेल, तर विमान. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे स्वतःची विमानं आहेत आणि खासगी क्षेत्रात मुंबईची जेनेसिस हे काम करते. विमानाच्या कामात संरक्षण खात्याच्या परवानगीला लागणारा वेळ वेळापत्रकात धरलेला आहे का, ते पाहा.

उपग्रहाचं चित्र सध्या ३० सेंटिमीटरच्या आसपास थांबलं आहे. २०१४ साली सोडलेला वर्ल्डव्ह्यू-३ हा ३१ सेंटिमीटरचा, एअरबसचा प्लेयाद निओ ३० चा. आपला कार्टोसॅट-३ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुटला, तो २५ सेंटिमीटरच्या वर्गातला. प्लॅनेट कंपनीचे छोटे उपग्रह रोज चित्र देतात, पण तीन मीटरच्या आसपासचं. पिकांची वाढ बघायला ते पुरतं, बांध मोजायला नाही. "१५ सेंटिमीटर एचडी" असं लिहिलेलं उपग्रहचित्र बहुतेकदा ३० सेंटिमीटरचं, गणिताने बारीक केलेलं असतं. बघायला ते सोपं जातं, मोजायला त्यात नवी माहिती नसते. मूळ रिझोल्यूशन, कॅमेऱ्याचा कल आणि ढगांची हमी हे तीन आकडे विचारा. कल ३० अंशांच्या पुढे गेला की उंच इमारती आडव्या पडल्यासारख्या दिसतात. शिवाय किमान मागणी असते, जुन्या चित्रांसाठी सहसा २५ चौरस किलोमीटर. दहा एकरांसाठी उपग्रह मागवणं म्हणूनच महाग पडतं.

नियरमॅप, ईगलव्ह्यू, व्हेक्सेल ही नावं ऐकतो. ती आपल्या कामाची आहेत का?

भारतातल्या जागेसाठी नाहीत. परदेशी ग्राहकासाठी पुण्या-मुंबईत बसून डिजिटायझेशन करणाऱ्यांना मात्र रोज लागतात. तिघींचा धंदा मुळात वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली नियरमॅप स्वतःच्या कॅमेऱ्यांनी शहरं वर्षातून अनेकदा टिपते आणि वर्गणीवर दाखवते. २०२२ मध्ये तिला थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने घेतलं. २०१३ मध्ये पिक्टोमेट्रीशी एकत्र आलेली ईगलव्ह्यू तिरप्या छायाचित्रांवर आणि छपरांच्या मोजमापांवर उभी आहे, तिचे मोठे ग्राहक विमा कंपन्या. छपरांच्या पेटंटवरून व्हेरिस्कविरुद्ध २०१९ मध्ये ज्यूरीने तिला १२.५ कोटी डॉलर देवविले, त्यावरून या बाजारात पेटंटचं वजन कळतं. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सची व्हेक्सेल मूळची कॅमेरे बनवणारी. २००६ ते २०१६ ती मायक्रोसॉफ्टकडे होती. आता ती स्वतःच्या अल्ट्राकॅम कॅमेऱ्यांनी अनेक देश टिपून ती चित्रंही विकते.

त्यांची तुलना करताना एकच गोष्ट नीट वाचा: परवाना. वर्गणी संपल्यावर उतरवून घेतलेली चित्रं ठेवता येतात का, त्यांवरून काढलेल्या रेघा आपल्या मालकीच्या राहतात का, त्या तिसऱ्याला विकता येतात का, त्यांवर यंत्रशिक्षण चालवता येतं का. चित्रांच्या दर्जात या कंपन्यांमध्ये उन्नीस-बीसचा फरक आहे. करारात मात्र जमीन-अस्मानाचा.

परदेशी एजन्सीला भारतातलं काम देता येईल का?

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर ही मर्यादा आहे. त्यापेक्षा अचूक नकाशे बनवण्याचं काम भारतीय संस्थांनाच करता येतं आणि तो डेटा भारतातच साठवावा व प्रक्रिया करावा लागतो. ड्रोनचं जवळपास प्रत्येक काम या मर्यादेपेक्षा बारीक असतं. स्वस्त एजन्सी फोटो परदेशी क्लाउडवर चढवून प्रक्रिया करत असेल, तर ते या सूचनेच्या विरोधात जातं. प्रक्रिया कुठे होते, हे लेखी मागा.

कोणते कागद बघायचे?

ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनचा यूआयएन (नोंदणी क्रमांक), त्या वर्गाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा. पायलटचं नाव आणि जागेवर आलेला माणूस एकच आहे ना, तेही बघा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे ड्रोन कोणता आणि नोंदलेला आहे का, हे विचारणं तुमच्याच हिताचं आहे. ग्रीन झोनमध्ये (ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात) ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट होते. पुण्यात लोहगाव आणि खडकवासला, नाशकात देवळाली आणि ओझर यांच्या आसपास काम असेल, तर झोनचा नकाशा कोटेशनला जोडलेला हवा.

नमुना मागितला तर त्यात काय बघू?

निवडलेला सुंदर तुकडा नको, पूर्ण काम मागा. विजेच्या तारा तुटलेल्या दिसतात का, घरांच्या कडा वितळल्यासारख्या आहेत का, धावत्या गाड्यांची अर्धी भुतं आहेत का, ते बघा. पट्ट्यांच्या सांध्यावर बांध तुटून शेजारी सरकला असेल, तर आच्छादन कमी पडलं. काठावरची झाडं फाटली असतील, तर हद्दीबाहेर जादा उड्डाण केलेलं नाही.

शेवटी हातात काय काय घ्यायचं आणि पैसे कधी द्यायचे?

ऑर्थोमोझेक (फोटो जोडून जागेवर बसवलेला नकाशा) जिओटिफमध्ये, जमिनीचं आणि पृष्ठभागाचं वेगवेगळं उंची मॉडेल, पॉइंट क्लाउड (उंचीसकट बिंदूंचा संच) लॅझमध्ये, कंटूर डीडब्ल्यूजीमध्ये, जीसीपींची यादी फोटोंसह, सॉफ्टवेअरचा प्रक्रिया अहवाल आणि सगळे मूळ फोटो. मूळ फोटो द्यायला अनेकजण नाखूष असतात. तिथे माघार घेऊ नका. ते हातात असले, तर वाद झाल्यावर दुसऱ्याकडून पुन्हा प्रक्रिया करून घेता येते, ओपनड्रोनमॅपसारखं मोफत सॉफ्टवेअरही चालतं. नसले, तर पुन्हा उड्डाण करावं लागतं आणि तोवर ढीग उचललेला असतो.

पैशांचे तीन भाग करा: खुणा आणि उड्डाण झाल्यावर एक, फायली मिळाल्यावर दुसरा, तुमच्या तपासबिंदूंवर नकाशा उतरल्यावर तिसरा. तिसरा भाग एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी नको आणि तपासणीसाठी दहा दिवसांची मुदत वर्कऑर्डरवर तारखेसकट लिहिलेली हवी.